सिद्धूचा गेम कोणी निवडायचा

२ नोव्हेंबर, रविवार. अकोला
सिद्धूला लकवा मारून नऊ महिने झाले. उजवा हात लोंबतो. समजतं सगळं, पण वाचा गेली. शब्द एकच उरला: 'हाव', म्हणजे आमच्याकडचा 'हो'. चहा? हाव. भूक? हाव. मी अमरावतीहून गावोगाव भाषणं देत फिरणारी, एकसष्ट वर्षं जिभेवर जगले आणि माझ्या धाकट्या भावाकडे एक शब्द. पाहवत नाही, म्हणून जास्त बोलते.

पिंकीने, त्याच्या लेकीने, बंगळुरूहून गेमचं मशीन पाठवलंय. बोटांना व्यायाम हवा म्हणे. फोनवर मला म्हणाली, "आत्या, गेम सध्या एकच घ्या, जास्त झाले की बाबा गोंधळतात. आणि त्यांनाच निवडू द्या."
पहिलं वाक्य ऐकलं. दुसऱ्यावर मी बोलू लागले होते.

५ नोव्हेंबर, बुधवार. अकोला
सिद्धू, त्याची बायको सुनंदा आणि मी दुकानात. दुकानदाराने तीन डबे मांडले. शेतीचा: नांगरा, पेरा, ट्रॅक्टर फिरवा. कुस्तीचा: नुसती हाणामारी. शब्दांचा: पडद्यावर चित्र येतं, घंटा वाजायच्या आत माइकमध्ये नाव सांगायचं. हिंदीत आहे. मराठीत नसतोच, आपल्या कपाळी.

सिद्धूने कुस्तीचा डबा डाव्या हातात धरला, सोडेना.
"कुस्ती? या वयात?"
"हाव."
"त्यापेक्षा शब्दांचा बरा ना?"
"हाव."
मी डबा ओढला. दोनदा ओढावा लागला. डाव्या हातात अजून जोर आहे.
"बघा, हाव म्हणाला," मी.
दुकानदार म्हणाला, "म्याडम, ते तं सगळ्यायलेच हाव म्हणून राह्यले."
आगाऊ माणूस. कोणता घ्यायचा ते घरी ठरवू म्हटलं आणि निघालो.

८ नोव्हेंबर, शनिवार. अकोला
आज ठरवला. बाबांच्या पद्धतीने.
लहानपणी तेल्हाऱ्याच्या घरात काही विकत घ्यायचं तर रविवारी बाबांच्या खाटेसमोर उभं राहून बाजू मांडायची. मास्तर होते, घराचीही शाळा केली होती. जो जिंकेल त्याची वस्तू यायची. मी चौदाची, सिद्धू अकराचा. त्याला कॅरम हवा होता, मला शब्दकोश. तो उभा राहिला, शर्टाचं टोक पिळत राहिला, तोंडातून काही येईना. मी म्हणाले, "ज्याला बोलता येत नाही, त्याने मागू नये." बाबांनी टाळी वाजवली. शब्दकोश आला. अजून माझ्या टेबलावर आहे.

सुनंदा शेतीच्या बाजूने. "ताई, वावराचा घेऊ. पेराचं, पानी द्याचं. त्यात कोनी हारत नाही. त्यायच्या जीवाले बरं वाटन."
मी उभी राहिले. माणूस भाषेने माणूस आहे. वाचा परत आणायची की त्याला जन्मभर खोट्या वावरात ट्रॅक्टर फिरवत बसवायचं? तू त्याला बरा करू पाहतेस की गप्प ठेवू पाहतेस? शेवटचं वाक्य वर्मी बसलं, दिसलं मला. म्हणून पुन्हा एकदा म्हणाले.
"तुमच्यापुढं कोन टिकते, ताई," ती म्हणाली आणि भाकरी थापायला गेली.
कुस्तीची बाजू कोणीच मांडली नाही. सिद्धूला विचारलं, शब्दांचा? "हाव." ठराव एकमताने मंजूर.

९ नोव्हेंबर, रविवार. अकोला
आणला, लावला. पडद्यावर आंबा. सिद्धूने तोंड उघडलं, गळ्याच्या शिरा तटतटल्या. "हाव." घंटा. चूक झाली की एक जाडा पोपट पोट धरून हसतो. घोडा: हाव. पोपट हसला. छत्री: हाव. पोपट हसला. वीस चित्रं.
"पुन्हा खेळू या ना, सिद्धू?"
"हाव."
पाऊण तास खेळलो. त्याच्या उजव्या डोळ्यातून पाणी येत होतं. आजारपणापासून तो डोळा गळतोच.

१२ नोव्हेंबर, बुधवार
भातकुलीला भाषण. विषय 'ज्यांना आवाज नाही त्यांचा आवाज'. दीड तास. लोक उठले नाहीत. उतरताना एकाने विचारलं, भाऊ कसे आहेत? म्हटलं, हळूहळू बोलतोय.
खोटं. व्यासपीठावरून उतरताना फार सहज आलं.

१६ नोव्हेंबर, रविवार. अकोला
पुन्हा वीस चित्रं. आज दोन्ही डोळे गळत होते. लिहून ठेवते, कारण मी पाहिलं. थांबवलं मात्र नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार. अकोला
खेळ संपला की पडदा विचारतो, 'फिर से खेलें?' आज सिद्धूने डावा हात रिमोटच्या उजवीकडे नेला आणि फुलीशेजारचं गोल बटण दाबलं. खेळ बंद. मी पुन्हा सुरू केला. पुन्हा गोल. सात वेळा. सातव्यांदा मी ओरडले.
सु. स्वयंपाकघरातून आली. "फुली दाबली का हो, गोल दाबला का नाही. पिंकीनं शिकवलं त्यायले फोनवर. तुमी तवा बोलून राह्यल्या होत्या."
मग त्याच्यासमोर बसली. "अवो, चहा पाह्यजे का?"
तोंडाने "हाव". बोटाने गोल.
"चहा नको?"
फुली.
सु.ने डोक्याला हात लावला. "हा मानूस नऊ महिन्यापासून नको असलेला चहा पिऊन राह्यला, ताई! दिवसातून पाच खेपा!" हसू लागली, हसता हसता रडू लागली. मग माझ्याकडे वळली. "तुमीच म्हटलं होतं नं, ज्याले बोलता येत नाही त्यानं मागू नये? लग्न झालं त्याच वर्षी सांगतलं होतं यायनं मले."
सत्तेचाळीस वर्षं. मला वाटलं होतं, ते वाक्य फक्त माझ्या लक्षात आहे.
उत्तर सुचलं होतं. चांगलं होतं. दिलं नाही.

२६ नोव्हेंबर, बुधवार. अमरावती
शब्दकोश टेबलावरून कपाटात टाकला. संध्याकाळी परत काढला. कपाटात ठेवून काय होणार.

३० नोव्हेंबर, रविवार. अकोला
तिन्ही डब्यांचे फोटो सिद्धूसमोर धरले. मध्ये एक शब्द बोलले नाही. शब्दांचा: गोल. शेतीचा: गोल. (सु.चा चेहरा उतरला. तिनेही त्याला विचारलं नव्हतं.) कुस्तीचा: फुली, इतकी जोरात की बटण आत रुतलं असं वाटलं.
दुकानदाराने कुरकुर न करता बदलून दिला. माझ्याकडे एकदा बघितलं.
पिंकीने फोनवर सांगून सगळ्या चाली डाव्या हाताखाली आणून दिल्या. हो-नाही मात्र उजवीकडेच. मी दोन्ही हातांनी, तो एकाने. अकरा कुस्त्या, अकराही हरले. कुस्तीत पाठ टेकली की सोडतात. त्याने सोडलं नाही. माझा पैलवान आडवा पडला की तो त्याच्या छातीवर चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा. आणि हसायचा. नऊ महिन्यांत पहिल्यांदा. "हाव, हाव, हाव." थेट त्या पोपटासारखा.
"कॅरमचा राग?" मी विचारलं.
फुली. विचार न करता.

निघताना दारातून विचारलं, "सिद्धू, पुढच्या रविवारी येऊ?"
तोंड लगेच म्हणालं, "हाव."
मग डावं बोट उजवीकडे निघालं. सावकाश. दोन्ही बटणं अगदी शेजारी आहेत. मी पिशवी उचलली, चपला घातल्या आणि जिना उतरले.

अमरावतीला पोचले. बोट कुठे टेकलं ते सु.ने पाहिलं असणार. तिला विचारता येईल. बोलायला मला कधी अडचण आलेली नाही. फोन समोर आहे.