नोंदवहीतील ‘सोंग’ हा शेरा

प्रति,
मा. तालुका आरोग्य अधिकारी,
पंचायत समिती, दौंड, जि. पुणे.

अर्जदार : रशिदा मेहमूद मुलाणी, वय ६७, रा. पिंपळमळा, ता. दौंड.

विषय : सून सौ. सुमैया हिच्या नावापुढील ‘सोंग’ हा शेरा रद्द होऊन तिला बी-बारा जीवनसत्त्वाचे इंजेक्शन दरमहा गावच्या उपकेंद्रात मिळणेबाबत.

संदर्भ : उपकेंद्र पिंपळमळा, रुग्ण नोंदवही, दि. ११ फेब्रुवारी २००३.

महोदय,

मरहूम दावल मुलाणी यांना या गावच्या जत्रेत बोकड हलाल करण्याचा मान मिळाला. त्यांचे पुत्र मरहूम चांद यांनी तो चाळीस वर्षे सांभाळला. चांद यांचे पुत्र मरहूम मेहमूद हे माझे पती. मेहमूद यांचा मुलगा आरिफ, आणि सुमैया ही त्याची पत्नी, माहेर शिरूर. हा अर्ज तिच्याकरिता आहे. मी १९५० साली सातवी उत्तीर्ण झाले असून अर्ज कोणाकडून लिहवून घेतलेला नाही.

१. दोन वर्षांपूर्वी सुमैया पांढरीफटक पडली. चार पायऱ्या चढली की दम लागे. जीभ लाल व गुळगुळीत झाली. आपल्या आरोग्यसेविकेने रक्त तपासून लोह व फॉलिकच्या गोळ्या दिल्या आणि कलेजी खाऊ घालण्यास सांगितले. मुलाण्याच्या घरात कलेजीला तोटा नसतो. प्रत्येक बोकडामागे आमचा मानाचा वाटा येतो. त्यातील कलेजी घरातील पुरुषांस न देता सात महिने एकट्या सुमैयाला दिली. जीभ भाजते म्हणून ती ताट दूर सारी, तेव्हा ते रिकामे होईपर्यंत मी समोर बसून राहत असे. तिच्या डोळ्यांतले पाणी ताटात पडे. मी उठत नसे.

२. रक्त सुधारले. परंतु सुमैया म्हणू लागली, “अम्मा, पायाखाली कापूस हाय. भुई लागतच न्हाई.” आंघोळीला डोळे मिटले की तिचा तोल जाई. आरोग्यसेविकेने पुन्हा रक्त तपासले व चार बायांसमोर म्हणाली, “रक्त तर माझ्यापरीस बरं हाय हिचं. कामाचा कंटाळा, दुसरं काय!” आणि नोंदवहीत ‘पायांची तक्रार – सोंग’ असा शेरा मारला. सरकारी वहीत लिहिलेले मी खरे मानले. आमच्या पिढीची ती खोड आहे.

३. तीन दिवसांनी सुमैया चुलीपुढे भाकरी थापत होती. उजवा पाय बाजूला पसरलेला होता. सोंग उघडे पाडावे म्हणून मी चिमट्याने निखारा उचलून तिच्या पावलावर ठेवला आणि दहापर्यंत मोजले. तिने पाय हलवला नाही. मग वास आला तेव्हा मान वळवून म्हणाली, “अम्मा, कायतरी जळतंय का?” एवढे कसलेले सोंग मी पाहिले नव्हते. त्या दिवशी तिला जेवण दिले नाही.

४. मार्चमध्ये ती हंड्यासह ओट्यावरून पडली. तिचा भाऊ इम्तियाज तिला पुण्यास घेऊन गेला. तेथे दुर्बिणीने जठराच्या अस्तराचा तुकडा काढून तपासला व रक्ताच्याही तपासण्या केल्या. डॉक्टरांनी सांगितले ते असे : सुमैयाचे शरीर स्वतःच्याच जठरावर चालून जाते व त्याचे अस्तर मारून टाकते. त्यामुळे अन्नातील बी-बारा अंगी लागत नाही. कलेजीचा डोंगर खाऊ घातला तरी व्यर्थ. फॉलिकच्या गोळ्यांनी रक्त सावरले, म्हणून रोग झाकला गेला. नसा मात्र आत मरत राहिल्या. असे का होते, याचे पूर्ण उत्तर त्यांच्यापाशीही नाही. रक्ताच्या नात्यात हा दोष उतरतो. सुमैयाच्या मानेवरील कोड व तिच्या मावशीच्या गळ्याची गाठ ही याच रोगाची भावंडे असू शकतात. नात महेजबीन नऊ वर्षांची आहे. तिच्यावरही लक्ष ठेवावयाचे आहे. सुमैयाच्या जठरात पुढे गाठी होऊ शकतात, म्हणून दुर्बीण अधूनमधून पुन्हा घालावी लागेल. गेलेली जाणीव किती परत येईल ते सांगता येत नाही. इंजेक्शन चुकले तर उरलेलीही जाईल.

५. इंजेक्शन इम्तियाज पुण्याहून आणून देतो. केवळ टोचावयाचे आहे. एस.टी.ची पायरी सुमैयाला चढता येत नाही. तरी आरोग्यसेविका म्हणते, “वहीत सोंग लिवलंय. सोंगाला मी सुई देत न्हाई.” शेरा खोडण्यास सांगितले, तेव्हा उत्तर मिळाले, “खोडते की. मग पाय कुणी भाजला त्ये बी लिवते. म्हातारपणी चौकी बघाल.” या भीतीने आरिफ गप्प बसला. मे महिन्याचे इंजेक्शन चुकले. आता सुमैया भिंत धरून चालते.

सबब, कलम ३ मधील मजकूर मी स्वहस्ते लिहून दिला आहे. धाक दाखवण्यास आता काही उरले नाही. चौकीत बोलावल्यास येईन. पुण्याचे अहवाल सोबत जोडले आहेत. येत्या सोमवारपर्यंत शेरा रद्द करून खऱ्या रोगाचे नाव लिहावे व सुई द्यावी. तसे न झाल्यास मंगळवारी सुमैयाला खाटेवर घालून आपल्या कचेरीच्या दारात आणीन व आपण स्वतः टोचेपर्यंत खाट हलणार नाही.

मी मायाळू बाई नाही व तसे भासवतही नाही. मात्र कोणाचे देणे अंगावर ठेवून मरावयाचे नाही. काल मी सुमैयाला पाटावर बसवले, चिमटा तिच्या हाती दिला व माझा उजवा पाय पुढे केला. तिने चुलीतला निखारा चिमट्याने उचलला. मग म्हणाली, “अम्मा, मला तवा कायबी कळलं न्हवतं. तुमाला समदं कळंल.” तिने निखारा ठेवला आणि मोठ्याने दहापर्यंत मोजले. अकरा म्हटले नाही.

लेखी उत्तराची वाट पाहणारी,
रशिदा मेहमूद मुलाणी
(सही)

पिंपळमळा, दि. ११ जून २००३