ठिपका दिसण्याआधी

ता. ४ फेब्रुवारी

ती. अक्कास,

कृ. सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे धडधाकट आहेत. पार्किन्सन्समुळे माझं अक्षर बारीक होत होत मुंगीएवढं झालं, म्हणून व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी रोज एक पान मोठ्या अक्षरात लिहायला सांगितलं आहे. नुसतं काय लिहायचं? म्हटलं, अक्कालाच छळावं.

बातमी अशी की आपलं थिएटर पुन्हा उघडतंय. नव्या मालकाने खुर्च्या बदलल्या, छत रंगवलं, पण वर केबिनमधली माझी दोन्ही प्रोजेक्टर मशीनं तशीच ठेवली. उद्घाटनाला त्याला एक जुना विनोदी सिनेमा लावायचा आहे, तोही रिळांवर, पूर्वीसारखा. ती मशीनं चालवणारा इथे मी एकटाच उरलोय, म्हणून मॅनेजर दोनदा घरी येऊन गेला. मी नाही म्हणून सांगितलं. हाताच्या थरथरीचं कारण नाही. गोळी वेळेवर घेतली की हात कामापुरते शहाण्यासारखे वागतात. गुडघा फार दुखतो, केबिनचा जिना झेपणार नाही, एवढंच.

बायको तेव्हापासून गाल फुगवून बसली आहे. तू तरी तिची बाजू घेऊ नकोस. तसंही इतक्या वर्षांत तू माझ्या थिएटरात पाऊल टाकलं नाहीस, तेव्हा मी गेलो काय नि न गेलो काय, तुला कुठे फरक पडतोय?

रागावलीस तरी लोभात कपात करू नकोस.

तुझा,
खारू


ता. ९ फेब्रुवारी

चि. खारूस,

अ. उ. आ.

तुझा गुडघा म्हणे! लहानपणी गणिताचा पेपर आला की तुझं पोट दुखायचं, त्याच जातीचा हा गुडघा दिसतो. पत्र वाचून मी तडक तुझ्या बायकोला फोन लावला. ती बिचारी आधी सगळं ठीक आहे म्हणाली, मग एकदम रडायलाच लागली, आणि सगळं बाहेर आलं.

लघवीची घाई होते, आणि एकदा झाली की दम धरवत नाही. बाथरूमच्या उंबऱ्याशी तुझे पाय जमिनीला चिकटतात, आणि दार समोर असून उशीर होतो. मग ती मुकाट्याने पँट धुते आणि तू दिवसभर तिच्याशी बोलत नाहीस, जणू काही तिनेच भिजवली. मित्रांबरोबर फिरणं बंद. पाणी पिणं जवळजवळ बंद. मागच्या आठवड्यात खुर्चीतून उठताना भोवळ येऊन टेबलावर आपटलास, ते पत्रात लिहायला बरा विसरलास! आणि डॉक्टरांनी आणखी काही त्रास होतो का विचारलं तर साहेब म्हणाले, बाकी सगळं छान. शाबास.

खारू, तुझ्यासाठी जीव तुटतो रे माझा. त्या केबिनमध्ये तू राजासारखा असायचास. तिथे जायला मन नसेल तर नको जाऊस, पण लघवीच्या भीतीने घरात बसलास तर ते मला चालणार नाही. तुमच्या दवाखान्यात पार्किन्सन्सच्या पेशंटसाठी एक खास नर्स आहे, असं तुझी बायको म्हणाली. तिच्याकडे जायचं आणि सगळं सांगायचं, हातचं काही राखायचं नाही. शिवाय तुझ्या दोन पँटी मला पाठवून दे. का ते विचारू नकोस. जन्मभर लोकांचे कपडे शिवत आले, भावासाठी काहीतरी सुचेलच.

कान लाल झाले असतील तर त्यावर आशीर्वाद चोळून घे.

तुझी,
अक्का


ता. २० फेब्रुवारी

ती. अक्कास,

कृ. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून नाकाला मिरच्या झोंबल्या. दोन दिवस बायकोशी अबोला धरला, तिसऱ्या दिवशी तिच्याच सोबत नर्सकडे गेलो. पोरगेलीशी बाई, पण मी मान खाली घालून सांगत होतो तेव्हा तिच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. म्हणाली, पार्किन्सन्स असलेल्या पुष्कळांना हे होतं, फक्त सांगत कुणी नाही. मेंदूचा निरोप मूत्राशयाला धड पोचत नाही, त्यामुळे ते अर्धं भरलं तरी भरलो भरलो म्हणून बोंब मारतं. लघवी तपासली, जंतू निघाले नाहीत. डॉक्टरांनी प्रोस्टेटही बघून घेतलं. यावर गोळ्या असतात, पण आमच्या वयात त्यातल्या काहींनी डोक्यात गोंधळ होतो, तेव्हा लागलीच तर कुठली द्यायची ते डॉक्टर बघतील.

पाण्यावरून मात्र तिने माझी बिनपाण्यानेच केली. कमी प्यायलं की लघवी दाट होते, मूत्राशय आणखी चिडतं, पोट साफ होत नाही आणि त्याचाही दाब येतो. भोवळही बहुधा त्यातलीच. दिवसभर पाणी प्या, संध्याकाळनंतर हात आखडता घ्या, चहा-कॉफी कमी करा, आणि घाई होण्याची वाट न बघता घड्याळ बघून दर दोन तासांनी जा, असं तिचं फर्मान.

इथे मला हसू फुटलं. अगं, ही मला काय शिकवते! तुला माहीत आहे, अख्खा सिनेमा एका रिळात मावत नाही. रीळ संपत आलं की पडद्याच्या कोपऱ्यात एक ठिपका चमकून जातो; तो दिसला की शेजारचं मशीन सुरू करायचं. लगेच दुसरा ठिपका येतो. तो दिसला की या मशीनचा झोत झाकायचा आणि त्या मशीनचा उघडायचा. रीळ पुरतं संपायची वाट बघितली तर पडदा पांढराफटक, आणि खाली शिट्ट्या. सगळ्या नोकरीत माझा पडदा एकदाही पांढरा झाला नाही. आणि मी स्वतः कधी जायचो? रीळ बदललं की लगेच, लागली असो नसो. जे नोकरीभर केलं तेच विसरून मी आता रीळ संपेपर्यंत बसून राहत होतो!

तेव्हापासून ठिपक्याआधी उठतो, आणि खरंच पुष्कळ फरक आहे. उंबऱ्यापुढे जमिनीवर पांढऱ्या चिकटपट्ट्या आडव्या लावल्यात. एकेक पट्टी ओलांडायची असं मनाशी म्हटलं की पाय सहसा अडत नाहीत. काल मित्रांबरोबर कोपऱ्यापर्यंत फिरूनही आलो.

गुडघा बरा झाला असं समज. पण थिएटरचं नाव काढू नकोस. बाहेर जास्त वेळ राहायचं तर पॅड लावा, म्हणते नर्स. मी काय तान्हं बाळ आहे? ज्या केबिनमध्ये ताठ मानेने उभा राहिलो तिथे असलं काही लावून जाणं माझ्याच्याने होणार नाही.

बाकी तुझ्या सगळ्या आज्ञा पाळल्या आहेत, याची नोंद घेऊन माया करावी.

तुझा,
खारू


ता. २६ फेब्रुवारी

चि. खारूस,

अ. उ. आ.

हे पत्र एकट्याने वाच. तुझ्या बायकोला दाखवलंस तरी चालेल, पण तुझ्या मित्रांच्या टोळीत नको.

तू तान्हं बाळ असशील तर मग मीही आहे. माझी धाकटी लेक झाली तेव्हापासून मला शिंकले, खोकले, हसले की थोडी लघवी होते. पॅड माझ्या पिशवीत कायम असतं, चष्म्याच्या शेजारी. तुझ्या थिएटरात मी शेवटची आले होते तो दिवस आठवतो? असाच एक विनोदी सिनेमा होता. मी पोट धरधरून हसले, आणि हसू थांबायच्या आत कळलं की खुर्ची ओली झाली आहे. दिवे लागायच्या आत पिशवी पाठीमागे धरून बाहेर पळाले. तुला सांगितलं की अंधारात डोकं चढतं. तू पास पाठवत राहिलास, मी सबबी सांगत राहिले. तुला वाटलं असेल, अक्काला शिंगं फुटली. अरे, मला तुझ्या सिनेमाचा कंटाळा नव्हता, हसायचीच भीती बसली होती. तेव्हापासून मी जिथे कुणी हसवणार नाही अशा ठिकाणीच जाते. नातलगांत मी फार गंभीर बाई म्हणून प्रसिद्ध आहे, ते यामुळे.

तुझ्या पत्रानंतर मला माझीच लाज वाटली. तुला नर्सकडे पिटाळणारी मी, स्वतः कधी कुणाला विचारलं नव्हतं. काल डॉक्टरीणबाईंकडे गेले. लघवी रोखणारे, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळून धरायचा व्यायाम दिलाय. महिन्या-दोन महिन्यांत फरक पडेल म्हणतात. शिलाई मशीनवर बसल्या बसल्याही करता येतो, कुणाच्या बापाला कळत नाही.

पँटी सोबत पाठवते आहे. वरून बटण दिसेल, ते नुसतं शोभेचं. आतून वेल्क्रो आहे, एका ओढीत उघडतं. आत पॅड बसेल अशी जागा सैल ठेवली आहे. बाहेरून कोणत्याही शिंप्याने ओळखून दाखवावं, मी कात्री खाली ठेवीन.

आता सौदा ऐक. तू पॅड लावून केबिनमध्ये उभा राहा, मी पॅड लावून खाली बसते. मला कडेची खुर्ची दे.

आशीर्वाद नेहमीचेच, पण या वेळी उत्तर आल्याशिवाय पोचणार नाहीत.

तुझी,
अक्का


ता. १५ मार्च

ती. अक्कास,

कृ. सा. न. वि. वि.

सौदा कबूल, एवढंच तुला फोनवर कळवलं होतं; उद्घाटनाच्या गर्दीतही तुझ्याशी चार शब्द धड बोलता आले नाहीत, आणि सिनेमा सुटताच तू बस गाठायला पळालीस. म्हणून हे लिहितो.

आधी पँटीचं. बायकोने उलटसुलट करून पाहिली, तिलाही काही सापडलं नाही. कात्री खाली ठेवायची गरज नाही. मॅनेजरला मी सरळ सांगितलं की मला मधून मधून जावं लागतं. जीभ अडखळली, पण सांगितलं. त्याने केबिनच्या शेजारचं बंद पडलेलं बाथरूम उघडून धुऊन घेतलं, आणि दारापुढे पट्ट्या त्याने स्वतः वाकून चिकटवल्या. एवढ्याशा गोष्टीसाठी मी गुडघ्याचं नाटक करत होतो!

बायको स्टुलावर बसली होती, पाण्याची बाटली मांडीवर घेऊन. तेलाचा तोच वास, मशीनची तीच टकटक. रीळ बदललं की लगेच जाऊन येत होतो. एकदा पट्ट्यांवरही पाय अडले आणि उशीर झाला. पॅडने लाज राखली. परत आलो, मशीनपुढे उभा राहिलो, हात अगदी स्थिर. कुणालाही काही कळलं नाही, आणि मलाही काही वाटलं नाही. तूच खरी, अक्का.

तुला वाटलं असेल, मग शेवटच्या रिळाआधी पडदा पांढरा कसा झाला. शिट्ट्या तू ऐकल्याच असशील. मॅनेजर धापा टाकत वर आला. त्याला वाटलं, मला काही झालं. मी मशीनच्या म्हातारपणावर ढकलून दिलं. बायको मात्र शेजारीच होती. माझे पाय मोकळे होते, हात बटणावर होता, ते तिने पाहिलं होतं. पहिल्या ठिपक्याला शेजारचं मशीन मी सुरूही केलं होतं. सगळ्या नोकरीत न झालेली चूक आज कशी झाली, हे तिला समजेना. तिने विचारलं, दुसरा ठिपका दिसला नाही का.

दिसला होता गं. पण खाली तू हसत होतीस.

तुझा,
खारू