सोनेरी भुंगा आणि चांदीचं घड्याळ

मी लव्हडे पेनबर्थी, कै. जोसाया पेनबर्थी यांची विधवा, वय अडुसष्ट, राहणार लेडव्हिल, कोलोरॅडो, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. डोकं शाबूत आहे. गुडघे गेले, पण त्यांचा इथे संबंध नाही.

माझे राहते घर थोरला जेगो व धाकटा डिगरी या मुलांना, दोघांत मिळून. एकाने दुसऱ्याच्या सहीवाचून ते विकू नये. स्वयंपाकघरातले टेबल हलवू नये. अठराशे शहाण्णवच्या निवडणुकीत त्याच टेबलावर माझं घर फुटलं.

सरकारने चांदीची खरेदी थांबवली आणि जेगोची खाण बंद पडली. तेव्हापासून त्याचा एकच धोशा : सोन्याबरोबर चांदीचंही नाणं चालवा, सोळा भार चांदीला एक भार सोनं. डिगरी क्रिपल क्रीकला सोन्याच्या खाणीत मुकादम. मेला कोटावर सोनेवाल्यांची, म्हणजे नाणं फक्त सोन्याचंच हवं म्हणणाऱ्यांची खूण, तो सोनेरी भुंगा, लावून जेवायला आला.

“काढ तो किडा, नाहीतर ऊठ ताटावरून!”

“तुझ्यासारखे सोळा मिळून एक मी होतो, दादा. भाव तुमचाच!”

जेगोने भुंगा उपटून चुलीत टाकला. डिगरी अर्धं जेवण टाकून गेला, तो आजतागायत आला नाही.

भुंगा मी राखेतून काढून ठेवला. तो जेगोला द्यावा. त्यांच्या वडिलांचं चांदीचं घड्याळ डिगरीला. कोणी तोंड वाकडं करू नये.

वडिलांची छिन्नी-हातोडी खाणीत जाणाऱ्या कुणाही गरजूला. बँकेतली शिल्लक जेगोच्या मुलींना. चांदीवाल्यांना भर प्रार्थनेत चोर म्हणणाऱ्या पाळकाने माझ्या थडग्याशी तोंड उघडू नये. त्याला मी माफ केलेलं नाही.

सोनं की चांदी, हे मला मात्र कुणी विचारलंच नाही. मला दोघंही हवे होते गं बाई, सारख्याच भावाने. फार वाईट वाटतं.

शेवटचे : लहानपणी दोघं चॅपेलमध्ये गात, एक ओळ जेगोची, एक डिगरीची. माझी शवपेटी घरातून निघताना तेच स्तोत्र दोघांनी गावे. जेगो एकटाच असला, तर डिगरीच्या ओळी दुसऱ्या कुणी गाऊ नयेत. तेवढा वेळ सर्वांनी गप्प उभे राहावे आणि दाराकडे बघावे. मी तीन वर्षं तेच करते आहे.

सही : लव्हडे पेनबर्थी

साक्षीदार :
टॅमसिन रोस्केली, शेजारीण
हेन्री ब्लेमी, सुतार (पेटी यानेच करावी, पण कडीला सोनेरी मुलामा नको आणि चांदीचाही नको)

लेडव्हिल, ११ नोव्हेंबर १८९९