शांतारामला रुग्ण मिळाला

ठाणे, मंगळवार संध्याकाळ, १९५३

मनोविश्लेषक होण्यासाठी आम्ही दोघं एकाच डॉक्टरांकडे शिकतो; आधी रुग्णासारखं स्वतः त्यांच्या कोचावर पडून मन मोकळं करायचं, मगच ते रुग्ण सोपवतात. आज कल्याणच्या शांतारामला पहिला रुग्ण मिळाला, मला नाही. सभेत आभार मानतानाही ज्याला घाम फुटतो, त्याला!

"माझं काय चुकलं?" मी डॉक्टरांना विचारलं.

"अहो, दोन वर्षं कोचावर पडून तुम्ही व्याख्यानंच देताय. स्वतःच्या मनातलं कधी बोलणार?"

जिन्यात शांताराम म्हणाला, "अरे, मी तर कोचावर नुसता रडतो रे."

नुसता रडतो! मला त्या रडण्याचाही हेवा वाटला.

हा हेवा उद्या कोचावर सांगायलाच हवा, नाहीतर मला रुग्ण कधीच मिळणार नाही. सांगेन. पण मघापासून आरशासमोर त्याचीच तालीम करतोय, आणि टाळ्या कुठे पडतील तेही ठरलंय.