वेगाचा काटा

सोमवार, ३ मार्च
ह्यांचं विमान पुन्हा उडणार! लेकीने जेवता जेवता सांगितलं, मीठ मागावं तसं. फ्लाइंग क्लबने दुरुस्त केलंय. चाकं नवी, पुढचा पंखा नवा. वेगाचा काटा आणि त्याची नळी मात्र जुनीच. नऊ वर्षांपूर्वीच्या अपघातात काट्याला-नळीला खरचटलंही नव्हतं. ह्यांचं डोकं फुटलं, काट्याची काच शाबूत.
काटा किती खोटं बोलतो ते आता मोजायचं. उडवणार लेक.
नको म्हटलं नाही. जेवण मात्र गेलं नाही.

मंगळवार, ४ मार्च
चौकशीवाल्यांनी एका ओळीत उरकलं होतं — 'वळताना वैमानिकाने वेग फार कमी होऊ दिला, विमान कोसळलं.' मी मानलं नाही. हे भाजी आणायला निघाले तरी सायकलची चाकं दाबून बघायचे! म्हणून ह्यांची पुस्तकं शब्दकोश घेऊन वाचली. नळीत समोरची हवा शिरते, बाजूच्या बारीक भोकातून शांत हवा. दोन्ही दाबांतल्या फरकावर काटा हलतो. भोकाची जागा चुकली की काटा वेग जास्त दाखवणार, माणूस बिचारा विश्वास ठेवणार.
नऊ वर्षं त्या काट्याला शिव्या देतेय. त्याचाच आधार झालाय.

गुरुवार, ६ मार्च
लेक धावतच आली. कालव्यावरच्या दोन पुलांमधलं अंतर घड्याळ लावून उडाली होती. "आई, काटा सत्तर म्हणतो, निघाले अठ्ठावन्न!"
बारा खोटे! ओट्याला टेकून रडले.

शुक्रवार, ७ मार्च
क्लबच्या मिस्त्रींनी लेकीला झापलं. ढग आले म्हणून ती एकाच बाजूने उडून परतली होती, तेही वाऱ्याच्या विरुद्ध. "आणि वारा कोण वजा करणार? तुझी आई?" त्याच वाटेने उलटं यायचं, दोन्ही वेगांची सरासरी काढायची, तेव्हा वारा फिटतो.
हे मी वाचलं होतं. काल विचारलं मात्र नाही.

शनिवार, ८ मार्च
वारा फार. उड्डाण नाही. चादरी धुतल्या. थकले.

रविवार, ९ मार्च
गच्चीत चादरी काढत होते. लेक वरून गेली, पाण्याच्या टाकीला वळसा घालून. हेही तिथूनच वळायचे. मी हात करायचे. त्या दिवशीही केला होता, आणि हे वळता वळता पलीकडच्या मैदानात...
आज हात खालीच ठेवला. लेकीनेच बजावलंय — "आई, मी खाली बघणार नाही हं."

मंगळवार, ११ मार्च
दोन्ही बाजूंनी चार-चार फेऱ्या झाल्या. लेक चपला न काढताच खुर्चीत बसली. "आई, काटा खरा आहे गं."
म्हणजे काटा सांगत होता, हेच बघत नव्हते. गच्चीकडे बघत होते.
नऊ वर्षांत पहिल्यांदा ह्यांच्यावर चिडले. अहो, काट्याकडे बघायचं ना! मी कुठे पळून चालले होते?