लाल टिकलीचा माईक

१४ सप्टेंबर, रविवार
इंदू, परवा फोनवर इतका वेळ ताराचं सांगितलं आणि शेवटी विचारतेस, "कोण तारा?" तुझ्या हळदीला जिने गाणी म्हटली ती तारा गो, माझ्या समोरच्या खोलीतली. आता रोजचं सुनेकडून, वैशालीकडून, लिहून घेते, म्हणजे पाठवता येईल. मला अक्षर येत नाही पण सगळं लक्षात राहतं. तुला येतं, त्याचा उपयोग दिसतोच आहे.
तर, गुडघे गेल्यापासून भजनाला खाली बसवत नाही. झांजा सोडल्या. बायका म्हणाल्या, मावशी, खुर्चीत बसा आणि साउंड सांभाळा. मंडपवाला दिनेश शिकवणार. कोजागरीला त्याचं काम दुसरीकडे आहे, म्हणून माझ्या गळ्यात.

१६ सप्टेंबर, मंगळवार
मशीन म्हणजे मिक्सर. प्रत्येक माईकचं वर एक गोल बटण, खाली एक सरकती दांडी. गोलाने वाढव, आवाज वाढतो. दांडीने वाढव, तरी वाढतो. मग दोन कशाला?
दिनेश म्हणाला, "आजी, गोल बटण म्हणजे टाकीत पाणी किती घ्यायचं. दांडी म्हणजे नळ किती सोडायचा."
तो समोर होता तोवर समजलं. जिना चढेपर्यंत गेलं.
नावं इंग्रजीत लिहिलीत. मी वैशालीच्या पाकिटातल्या टिकल्या दांड्यांवर लावल्या. तारा लाल, मागून गाणारी शोभा हिरवी, पेटी काळी. ढोलकीला मोठी मरून.
(आईंनी न विचारता घेतल्या. – वै.)

२० सप्टेंबर, शनिवार
तालीम. तारा ऐकूच येईना. लाल वर नेली, आणखी वर नेली, तर कूऽऽ करून अशी शिट्टी की गॅलरीतली मांजर खाली पडता पडता राहिली. दिनेश सांगतो, स्पीकरचं तोंड माईककडे नको, स्पीकरचा आवाज माईक परत गिळतो आणि ओरडतो. तोंड फिरवलं. तरी तारा नाही.
तारा म्हणाली, "मशीनच भंगार आणलंय."
शोभा ताराला म्हणाली, "काकू, कोजागरीला पुढचा आवाज ऐकू आला नाही तर लोक उठून जातील. मग पुढच्या वेळेपासून मी सुरुवात करते."
मंडळ निघालं तेव्हापासून पुढचा आवाज ताराचा, ओळ ती उचलते आणि बाकीच्या मागून. उन्हाळ्यात गळ्याचं ऑपरेशन झालं तिचं, तेव्हापासून... पण ती म्हणते मशीन. मीही मशीनच म्हटलं.

२४ सप्टेंबर, बुधवार
आज नवीनच. एखादं ऐकू येत नसेल तर त्याला वर न्यायचं नाही, बाकीच्यांना खाली आणायचं. हिरवी खाली घेतली तर शोभा लगेच, "मावशी, माझा माईक बंद आहे काय?" पेटीवाली वेगळी फुगली. घरात दोन सुना नांदवल्या तेव्हा इतका त्रास नव्हता. (हेही लिही म्हणाल्या. – वै.)
शिवाय मी स्पीकरच्या मागे बसते, लोकांना काय जातंय ते मला कळतच नाही. दिनेश म्हणतो, समोर जाऊन ऐका. समोर जाऊन येईपर्यंत आरती.

२८ सप्टेंबर, रविवार
कानाला लावायचं ते दिलं. एक बटण दाबलं की एकच माईक कानात. शोभा ऐकली, गळा बरा आहे, उगाच नावं ठेवते मी. मग तारा.
खालच्या ओळीत होती. थोडी फाटकी, पण तीच. ओळ वर चढली तशी ती नाही. बांगड्या वाजल्या, श्वास घेतला, बस. बाकीच्या बायका चढलेल्या. ओळ उतरली तशी तारा पुन्हा आली.
मी मान वर करून बघितलं. तोंड हलत होतं.
दुसऱ्या अभंगाला तेच. तिसऱ्याला मी ऐकलं नाही, कानावरचं काढलं.
नंतर चहा पिताना तारा म्हणाली, "त्यात सगळं ऐकू येतं काय गो?"
"मला काय कळतंय. नुसती खरखर."
आता काय करू? बाकीच्यांना खाली आणलं तर तारा ऐकू येईल, म्हणजे तिचं गप्प राहणंही ऐकू येईल. नाही आणलं तर शोभा.

२ ऑक्टोबर, दसरा
सकाळी मिक्सरची पूजा केली. हळद, कुंकू, अक्षता, झेंडूचं फूल. शिलाई मशीनची करते तशीच. हात जोडून सांगितलं, ताराला सांभाळ.

३ ऑक्टोबर, शुक्रवार
कुंकू दांडीच्या फटीत गेलं. नेमकं लाल टिकलीच्या. हात लावला की खर्र. दिनेश ब्रश घेऊन बसला, म्हणाला, "आजी, लांबून नमस्कार चालला असता की." पुसताना टिकल्या सगळ्या गेल्या, आणि ताराची वायर त्याने दुसऱ्याच भोकात लावली. कितव्या ते सांगितलं. विसरले. तू हसू नकोस.

५ ऑक्टोबर, रविवार
उद्या कोजागरी. पेटीवालीला गुपचूप विचारलं, पट्टी खाली घेतली तर? म्हणाली, घेईन, पण ताराकाकूंनी सांगायला हवं. ताराला म्हटलं, "खालून धरतेस का उद्या? माझ्या मशीनला वरचं झेपत नाही."
तिने निवडायच्या तांदळातला खडा काढून टाकला. मग म्हणाली, "मशीनला?"
"मशीनला."
"बघते," म्हणाली. हो नाही, नाही पण नाही. उठताना म्हणाली, "मला वर ठेव की खाली, ते तुझं तू बघ. हात तुझा आहे."
नव्या टिकल्या लावल्यात, पण लाल कुठली यावर आता माझा भरवसा नाही. उद्या डोळे मिटून एकेक दांडी हलवायची आणि तारा कुठे आहे ते कानाने शोधायचं.
उद्या काय होईल ते होवो, परवा तिला पेज लागेल. गावाहून येणाऱ्या गाडीवाल्याकडे उकडे तांदूळ दे, नवे नकोत, जुने. कोकमाची सोलं पाठवू नकोस, आंबटाने तिचा घसा धरतो. माझ्यासाठी पाठवलीस तर तिला दिसणार नाहीत अशी बांध.