पुढचा धडा मला

आवडी, चेन्नई
१२ ऑगस्ट २००३, सकाळी सव्वासहा

प्रिय विद्युलता,

स्टोव्हवर भात ठेवून लिहितो आहे. मी बरा आहे. आईचा गुडघा कसा आहे?

तुझ्या पत्रात माझे नाव एकदा आणि ‘शिकवणीचे सर’ नऊ वेळा आले. मी दोनदा मोजले. पोस्टातली कायम नोकरी सोडून इतिहासात एम.ए. करणारा माणूस मला काही शहाणा वाटेना. खोलीतल्या वेंकटला तसे म्हणालो, तर तो म्हणतो, “अरे, करपल्याचा वास येतोय. भात की तू?”

पुस्तक मिटून धडा घरातल्या न शिकलेल्या माणसाला सांगायचा, ही सरांची पद्धत मात्र पटली. पण तू तो आईला सांगतेस. परवा फोनवर फ्रान्सच्या राजाचे कुठे चुकले ते आईच मला सांगत होती! नववीत शाळा सोडलेला मी एकटाच मागे राहिलो.

तू बी.ए. झाल्यावर माझ्याशी काय बोलशील?

तेव्हा पुढचा धडा मला सांग. माझा पत्ता घातलेली दहा आंतरदेशीय पत्रे सोबत आहेत. कळले नाही तिथे खूण करून परत पाठवीन.

त्या खुणा सरांना दाखवू नकोस.

तुझाच,
कृष्णकांत